मुक्या हाडांची साक्ष आणि संगणकाचा हिशेब

आजकाल लहान मुलांच्या तोंडीं डायनोसॉरचें नांव वाघसिंहांच्या नांवापेक्षांही सहज येतें. १९९३ सालीं निघालेल्या 'जुरासिक पार्क' या बोलपटानें टायरॅनोसॉरस रेक्स नांवाचा प्रचंड मांसाहारी प्राणी मोटारगाडीमागें धांवतांना साऱ्या जगाला दाखविला, आणि तो खरोखरीच तसा धांवत असे याविषयीं आमच्या बालमित्रांस तेव्हांपासून तिळमात्र शंका उरलेली नाहीं. परंतु ज्याचा वंश सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं नष्ट झाला व ज्यास कोणाही मनुष्यानें चालतांना पाहिलें नाहीं, तो किती वेगानें धांवत होता हें सांगावयाचें तरी कसें? हातांत आहेत तीं मुकीं हाडें. तीं स्वतः होऊन कांहीं सांगत नाहींत. त्यांना योग्य प्रश्न विचारणारा कोणी भेटावा लागतो.

असे प्रश्न विचारण्यासाठीं गेल्या पंचवीस वर्षांत अभ्यासकांनीं एक नवें साधन हातीं घेतलें आहे. तें साधन म्हणजे संगणक. खडकांत सांपडलेल्या हाडाचें, रुग्णालयांत ज्यास सीटी स्कॅन म्हणतात त्या रीतीनें, आंतूनबाहेरून चित्र घ्यावयाचें. त्यावरून संगणकांत त्या हाडाची हुबेहूब आकृति उभी करावयाची. तिला स्नायू जोडावयाचे, वजन द्यावयाचें. आणि मग यंत्रशास्त्राच्या नियमांप्रमाणें ती आकृति चालेल कशी, चावेल कशी, वांकेल कोठें आणि मोडेल कोठें, याचा हिशेब करावयाचा, अशी ही विद्या आहे. हिच्याविषयीं लोकांत दोन मतें आढळतात. कोणी म्हणतात, हा सारा पडद्यावरचा खेळ आहे. मेलेल्या प्राण्याची बाहुली करून नाचविण्यांत शास्त्र तें कसलें? दुसरे म्हणतात, संगणकानें सांगितलें म्हणजे तें खरेंच असलें पाहिजे. आमच्या मतें हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत, आणि त्यांतलें दुसरें पहिल्यापेक्षां अधिक घातक आहे. असें आम्ही कां म्हणतों, तें थोडक्यांत सांगतों.

या विद्येचें बीज फार जुनें आहे. इटलींतील विख्यात शास्त्रज्ञ गॅलिलिओ यानें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या शास्त्रांवरील आपल्या ग्रंथांत एक साधा विचार मांडला आहे. एखादा प्राणी सर्व बाजूंनीं दुप्पट मोठा केला, तर त्याच्या हाडाच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपट होतें, परंतु त्याचें वजन आठपट होतें. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर पूर्वीच्या दुप्पट भार येतो. तोच प्राणी तिप्पट केला, तर क्षेत्रफळ नऊपट व वजन सत्तावीसपट होतें. म्हणून हत्ती हा नुसता मोठा केलेला उंदीर असूं शकत नाहीं. त्याचे पाय खांबांसारखे जाड व सरळ असावे लागतात. स्नायूंचीही तीच गोष्ट आहे, कारण स्नायूचें बळही त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतें. सहावीसातवीच्या भूमितींतील ज्ञानावर एवढें कोणासही समजेल, आणि पुढें सांगावयाच्या सर्व गोष्टींचा पाया एवढाच आहे.

परंतु खरें हाड खांबासारखें सरळ नसतें. कवटींत खिडक्या असतात, कमानी असतात, सांधे असतात. अशा वेड्यावांकड्या आकारांत ताण कोठें किती पडेल, हें एका सूत्रानें सांगतां येत नाहीं. हीच अडचण विमानाचे पंख बांधणाऱ्या अभियंत्यांपुढें उभी होती. त्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तिच्यावर तोड काढली. मोठ्या आकृतीचे हजारों लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येक तुकड्याचा सोपा हिशेब करावयाचा, आणि शेजारच्या तुकड्याशीं त्याची सांगड घालीत घालीत सगळ्या आकृतीचा हिशेब पुरा करावयाचा. अमेरिकेंतील रे क्लफ या अभियंत्यानें १९६० सालीं या पद्धतीस 'फायनाइट एलिमेंट मेथड' हें नांव दिलें. माणसाला जन्मभर पुरून उरेल एवढी ही आंकडेमोड संगणक थोडक्या वेळांत उरकतो. पूल, धरण, विमान यांची मजबुती ज्या रीतीनें तपासतात, त्याच रीतीनें आतां नामशेष प्राण्याच्या जबड्याची मजबुती तपासली जाते. हा खेळ आहे असें म्हणणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या हिशेबावर विसंबून आपण मुलाबाळांसह पुलावरून निर्धास्त जातों, तोच हा हिशेब आहे.

त्याचें एक उदाहरण पाहूं. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत १९९१ सालीं ॲलोसॉरस या सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वींच्या मांसाहारी प्राण्याचा एक उत्तम सांगाडा मिळाला. त्याच्या कवटीचा असा अभ्यास इंग्लंडमधील विदुषी एमिली रेफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला. कवटीची सहनशक्ति अचाट निघाली, पण जबड्याच्या स्नायूंनीं होणारा चावा त्या मानानें अगदीं बेताचा निघाला. मग एवढी बळकट कवटी हवी कशाला? हा प्राणी आपला वरचा जबडा कुऱ्हाडीसारखा भक्ष्यावर आदळीत असावा, असें अनुमान त्यांनीं काढलें. दुसऱ्याच वर्षीं इतर शास्त्रज्ञांनीं त्यावर आक्षेप घेतले. पुढें २०१३ सालीं अमेरिकेंतील अभ्यासकांनीं त्याच प्राण्याच्या मानेच्या स्नायूंचा हिशेब मांडला, आणि हा प्राणी ससाण्याच्या जातीच्या लहान पक्ष्याप्रमाणें मान मागें हिसकून मांसाचे लचके तोडीत असावा, असें म्हटलें. कवटी बळकट होती, एवढें हिशेबानें सांगितलें. ती कशासाठीं बळकट होती, हें सांगणें मनुष्याच्या तर्काचें काम आहे, आणि तेथें वादाला जागा राहते.

आतां आमच्या बालमित्रांच्या आवडत्या टायरॅनोसॉरसकडे वळूं. २००२ सालीं जॉन हचिन्सन व मारियानो गार्सिया या दोघांनीं असा प्रश्न घेतला कीं, सुमारें ६,००० किलो वजनाच्या या प्राण्यास जलद धांवावयाचें झाल्यास पायांत किती स्नायू लागतील? ताशीं सत्तर किलोमीटरांच्या वेगासाठीं दोन पायांतील स्नायूंचेंच वजन सगळ्या देहाच्या शेंकडा ८६ इतकें भरावें लागेल, असा हिशेब निघाला! डोकें, धड, शेपटी आणि हाडें यांच्या वांट्यास मग उरलें काय? अर्थात् तो वेग अशक्य ठरला, व ताशीं ४० किलोमीटरांच्या वर तो गेला नसावा असें त्यांनीं म्हटलें. २००७ सालीं मँचेस्टर येथील विल्यम सेलर्स व फिलिप मॅनिंग यांनीं संगणकांतल्या आकृतीस धांवावयास शिकविलें. तिचा वेग ताशीं सुमारें २९ किलोमीटर भरला. दहा वर्षांनीं, म्हणजे २०१७ सालीं, सेलर्स व त्यांचे सहकारी यांनीं त्याच प्रकारच्या हिशेबांत हाडांच्या मजबुतीचीही भर घातली. तेव्हां असें दिसून आलें कीं, हा प्राणी धांवूं लागता तर पायाच्या हाडांवर न सोसणारा भार पडता; म्हणून त्यास चालण्यावरच समाधान मानावें लागत असावें. २०२१ सालीं नेदरलंड्समधील अभ्यासकांनीं त्याच्या झुलत्या शेपटीचा हिशेब करून त्याची सवडीची चाल ताशीं सुमारें साडेचार किलोमीटर ठरविली. म्हणजे आपण बाजारांतून घरीं येतों, जवळजवळ त्याच चालीनें तो प्राण्यांचा राजा आपल्या रानांतून हिंडत असे!

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट नीट पाहावी. २००७ सालचा आंकडा खोटा होता काय? तसें म्हणतां येणार नाहीं. त्या हिशेबांत स्नायूंस प्रश्न विचारला होता. हाडें तुटतील कीं टिकतील, हें विचारलें नव्हतें. हाडांनाही विचारतांच उत्तर बदललें. यंत्र तेंच, नियमही तेच, परंतु प्रश्न अधिक पुरा झाला.

दुसरा दाखला त्याच प्राण्याच्या चाव्याचा. २०१२ सालीं बेट्स व फाल्किंगहॅम यांनीं त्याच्या मागच्या एका दांतावर पडणारें बळ ३५,००० ते ५७,००० न्यूटन, म्हणजे सुमारें साडेतीन ते पावणेसहा टनांच्या भाराइतकें ठरविलें. २०१७ सालीं गिग्नॅक व एरिक्सन यांनीं त्याच प्राण्याचा चावा ८,५२६ ते ३४,५२२ न्यूटनांच्या दरम्यान काढला. पाहा, एका पक्षाचा खालचा आंकडा दुसऱ्या पक्षाच्या वरच्या आंकड्याहूनही मोठा आहे! असें कां व्हावें? कारण हाडांचा दगड झाला, पण मांस केव्हांच मातींत मिळालें. स्नायू किती जाड होते, कोणत्या दिशेनें जोडलेले होते, त्यांत बळ किती होतें, हें जिवंत मगरी व पक्षी यांच्यावरून ठरवावें लागतें. पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल, अशांतलाच हा व्यवहार आहे. म्हैस पाण्यांतून बाहेर येणार नाहीं हें ठाऊक असूनही जो प्रामाणिकपणें मोल करतो, तो एकच आंकडा छातीठोकपणें न सांगतां 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असें सांगतो. या दोन्ही पक्षांनीं तसेंच केलें आहे, आणि यांत त्यांची लाज नसून थोरवी आहे, असें आम्ही मानतों.

आपल्या भूमितीच्या पुस्तकांत प्रत्येक प्रमेयास पक्ष, साध्य व सिद्धता हीं अंगें असतात. पक्ष म्हणजे जें दिलेलें आहे तें. पक्ष न लिहितां कोणी नुसतें साध्य लिहून आणलें, तर गुरुजी त्यास शून्य गुण देतील. संगणकाच्या उत्तरालाही हाच नियम लावला पाहिजे. 'टायरॅनोसॉरस ताशीं २९ किलोमीटर धांवे' हें नुसतें साध्य झालें. 'त्याचें वजन इतकें, स्नायू इतके आणि सांध्यांची ठेवण अशी धरली असतां' हा त्याचा पक्ष होय. पक्ष गाळून साध्य तेवढें मोठ्या अक्षरांत छापण्याची खोड वर्तमानपत्रांस आहे, आणि तेवढेंच पाठ करण्याची खोड आपणांस आहे. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येणार कोठून? संगणकाचा पोहरा कितीही चकचकीत असला, तरी आपण आडांत जें घातलें असेल तेंच तो वर काढणार.

मग अशा उत्तरांवर विश्वास ठेवावा तरी कोणत्या आधारें? आधार एकच, आणि तो म्हणजे कसोटी. हचिन्सन व गार्सिया यांनीं आपला हिशेब प्रथम जिवंत प्राण्यांवर लावून पाहिला. कोंबडी दोन पायांवर धांवूं शकते आणि मगर तशी धांवूं शकत नाहीं, हें आपण जाणतोंच. त्यांच्या हिशेबानेंही नेमकें तेंच सांगितलें. मग त्यांनीं कागदावर टायरॅनोसॉरसएवढी कोंबडी कल्पिली. तिला धांवण्यासाठीं तिच्या सबंध देहाहूनही अधिक वजनाचे स्नायू लागतील, असें उत्तर आलें. गॅलिलिओचाच न्याय येथें पुन्हां भेटला. माहीत असलेल्या ठिकाणीं ज्याचें उत्तर बरोबर येतें, त्याचें माहीत नसलेल्या ठिकाणींही ऐकून घ्यावें, ही रीत व्यवहारांतही आपण पाळतोंच. सराफ नवा तराजू आधीं ठरल्या वजनांनीं पारखतो, मग त्यावर सोनें जोखतो.

याहूनही सुंदर कसोटी ओरोबेटीस नांवाच्या प्राण्याची आहे. सुमारें २८ ते २९ कोटि वर्षांपूर्वींचा हा चतुष्पाद जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत ब्रोमॅकर येथें सांपडला. त्याच्या सांगाड्याबरोबरच त्या जातीचीं म्हणून ओळखलेलीं पाउलांचीं ठसेही खडकांत उमटलेले मिळाले, हें विशेष. २०१९ सालीं जॉन न्याकातुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम चार जिवंत सरपटणारे व उभयचर प्राणी कसे चालतात तें पाहिलें. मग संगणकांत ओरोबेटीसची आकृति चालविली. आणि शेवटीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथील यंत्रज्ञांच्या साह्यानें त्याचें एक चालतें यंत्रच बनविलें. चालण्याच्या ज्या तऱ्हा त्या जुन्या ठशांशीं जुळल्या नाहींत, किंवा ज्यांत सांधे निखळले असते वा बळ व्यर्थ गेलें असतें, त्या त्यांनीं एकेक करून गाळल्या. उरलेल्या तऱ्हांवरून असें दिसलें कीं, इतक्या प्राचीन काळचा हा प्राणी पूर्वीं समजत होते त्यापेक्षां अंग अधिक उचलून चालत असे. येथें एका साक्षीदारावर निकाल दिलेला नाहीं. हाड, ठसा, जिवंत प्राणी आणि यंत्र अशा चौघांची साक्ष घेतली आहे. या विद्येचें खरें मोल आम्हांस अशा कामांत दिसतें.

आतां पालकवर्गास दोन शब्द. आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, मेलेल्या जनावराच्या चालीची उठाठेव करून मुलांच्या पोटापाण्यास काय मिळणार? याचें उत्तर असें कीं, जबड्याच्या हाडावर ताण कोठें पडतो हें पाहणारी विद्या आणि मोडलेल्या मांडीस पट्टी कोठें बसवावी हें पाहणारी विद्या, या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. परंतु आमचा भर या उपयोगावर नाहीं. आम्हांस मोठी वाटते ती सवय. आज प्रत्येक घरांत असें यंत्र येऊन बसलें आहे, कीं जें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर क्षणांत आणि गोड भाषेंत देतें. मुलें निबंध त्यास विचारतात, गणितें त्यास विचारतात, आजारावरचें औषधही त्यास विचारतात. पूर्वीं 'बाबावाक्यं प्रमाणम्' म्हणणाऱ्यांस आपण हंसत होतों. आतां त्याच जागीं संगणकवाक्य येऊन बसण्याचें भय आहे. ज्या मुलास एका डायनोसॉरच्या चालीविषयीं 'हें तुम्हांस कशावरून कळलें? काय धरून चाललां होतां? पडताळून कशाशीं पाहिलें?' असें विचारण्याची संवय लागली, तो उद्यां औषधाच्या जाहिरातीला, सावकाराच्या हिशेबाला आणि निवडणुकीच्या वचनालाही हेच तीन प्रश्न विचारील. आमच्यासारख्या शाळेंत, जेथें खऱ्या वजनमापांचा आग्रह हा धर्माचाच भाग म्हणून शिकविला जातो, तेथें ही संवय मुलांस लागूं नये तर कोठें लागावी? मुलानें असा प्रश्न घरीं विचारला, तर त्यास उद्धट समजून गप्प बसवूं नये, एवढी आमची पालकांस विनंति आहे.

विद्यार्थिमित्रांनो, यासाठीं तुम्हांस मोठें यंत्र नको. ओल्या मातीचा एक इंचाचा व दोन इंचांचा असे दोन ठोकळे करा, तराजूंत घाला आणि गॅलिलिओ खरें बोलतो कीं खोटें तें पाहा. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनीं १९७६ सालीं नुसत्या पाउलांच्या ठशांवरून डायनोसॉरचा वेग काढण्याची रीत सांगितली. तींत प्राण्याच्या कमरेची उंची पाउलाच्या लांबीच्या सुमारें चौपट धरतात. नदीकांठच्या ओल्या वाळूंत आधीं चालून व मग धांवून पाहा, दोन ठशांमधलें अंतर कसें वाढतें तें मोजा, आणि तुमच्या स्वतःच्या कमरेची उंची तुमच्या पाउलाच्या किती पट भरते तेंही मोजा. डायनोसॉरसाठीं धरलेला पक्ष मनुष्यास जसाच्या तसा लागू पडतो कीं नाहीं, हें तुमचें तुम्हांस कळेल.

शेवटीं एक गोष्ट आपल्या देशाविषयीं. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांत मिळालेल्या बारापासॉरस या महाकाय प्राण्याचा सांगाडा कोलकात्यास इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें उभा आहे. १९७५ सालीं त्याचें नामकरण झालें, आणि त्याच्या नांवांत रवींद्रनाथ ठाकुरांचेंही नांव गोंवलें आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें मिळालेल्या दुसऱ्या एका लांब मानेच्या प्राण्यास २००३ सालीं त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून इसिसॉरस असें नांव मिळालें. अशीं हाडें आपल्याच मातींत आहेत. शेतांत वा ओढ्याकांठीं तसा दगड कोणास दिसल्यास त्यानें तो फोडूं नये, उचलून घरीं आणूं नये, विकूं तर नयेच. जागेची नोंद करून शिक्षकांस किंवा भूगर्भशास्त्राच्या जाणकारांस कळवावें. संगणक हजारों वेळां हिशेब फिरवून करील, परंतु एकदां चुरा झालेलें हाड पुन्हां उभें करणें त्याच्याही हातीं नाहीं. तेवढा साक्षीदार जपून ठेवणें आपल्या हातीं आहे, आणि त्यास प्रश्न विचारण्याइतकी विद्या मिळविणें, हें तुमच्यापैकीं कोणाच्या तरी हातून घडावें, अशी आमची इच्छा आहे.